गच्चीवरचा संगणक मला आत घेत नाही

ताजी खबर अशी की गच्चीवरचा आमचा तळहाताएवढा संगणक चालू आहे. समोरच्या इमारतीतल्या अण्णांनी त्याचा हिरवा दिवा खिडकीतून पाहिला.

इमारतीची पाण्याची मोटर तोच चालू करतो. उद्यापासून आमच्या चामराजपेटच्या गल्लीत पाणी पहाटे येणार, म्हणून दुपारी घरूनच वाय-फायवरून लॉगिन करून वेळ बदलायला बसलो. आधी सुरक्षेसाठी त्याला पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायवर टाकलं आणि स्क्रीन गोठली. त्या वाय-फायवरच्या यंत्रापर्यंत दुसऱ्या कुठल्याच यंत्रावरून पोहोचता येत नाही, हे नंतर आठवलं. "टाकी अर्धी" असे संदेश तो सगळ्यांच्या ग्रुपवर पाठवतोय, मला मात्र उत्तर देत नाही.

आता गच्चीवर जाऊन किंवा राउटरमध्ये शिरूनच हे उलटवता येईल, पण गच्चीची किल्ली आणि राउटरचा पासवर्ड घरमालकीण अक्कांकडे. अक्का हुबळीला, पुतणीच्या लग्नात.

"अक्का, नुसता पासवर्ड सांगा!"

"स्वल्प थांब की रे. अक्षता पडू देत, मग बघते. तुझ्यासाठी लग्न थांबवू का?"

खालच्या सुमाताईंनी हे ऐकलं आणि बादल्या भरायला घेतल्या.

तुम्ही असे अडकलात कधी? मुहूर्त गोरजाचा आहे, संध्याकाळचा. त्यानंतर अक्कांचा फोन आला तर ठीक, नाहीतर पहाटे पाणी येईल आणि मोटर बंदच असेल.