सक्ती लागू नाही

२०११च्या मोठ्या भूकंपाला दोन वर्षं होत आली होती. तोक्योत माझी पीएच.डी. चालू होती आणि विषय ऐकूनच लोकांना जांभई यायची: एकोणिसाव्या शतकात सरकारी शाळेच्या सक्तीला युरोपातल्या कॅथलिक पाद्र्यांनी केलेला विरोध. मूल आधी आईबापांचं, मग सरकारचं, हा त्यांचा हेका. त्यांची प्रवचनं वाचताना मला हसू यायचं. पोरं कायम आपल्या धाकात हवीत यांना, दुसरं काय!

मग आमच्याच घरात ते सुरू झालं. आमच्या फुनाबोरी भागातल्या सरकारी शाळेत जाणारी माझी नऊ वर्षांची मुलगी माझ्या मराठीला जपानीत उत्तरं देऊ लागली. पुण्याहून आजीचा फोन आला की तो माझ्या हातात कोंबून पळायची. एकदा शाळेच्या फाटकापाशी मी तिला मराठीत हाक मारली, तर तिने मानसुद्धा वळवली नाही. त्या दिवशी घरी येऊन मी रडले, आणि ज्यांची इतकी टर उडवली त्या पाद्र्यांच्या बाजूला मुकाट्याने जाऊन बसले.

कोतो भागातल्या भारतीय शाळेत तिचं नाव घालायचं मी ठरवलं. ती आठवडाभर धड जेवली नाही.

"पुढच्या आठवड्यात वर्गात सगळ्यांना जेवण वाढायची माझी पाळी आहे," ती जपानीत म्हणत राहिली. मी ऐकलं नाही.

शाळेतून तिचं सामान घेतलं आणि तशाच दोघी वॉर्ड ऑफिसात गेलो. भांडायला मी कंबर कसून गेले होते. आईबापांचा हक्क, मातृभाषा, पाद्र्यांचे सगळे मुद्दे जपानीत पाठ केले होते. काउंटरवरच्या बाईंनी शाळा सोडण्याचा अर्ज पाहिला आणि शिक्का मारला.

न राहवून मीच म्हणाले, "कारण नाही विचारणार?"

"नाही हो. शिक्षणाची सक्ती जपानी मुलांसाठी आहे. परदेशी मुलांना ती लागू नाही. आली तर आम्ही घेतो, नाही आली तरी हरकत नाही." आणि त्या अदबीने वाकल्या.

माझं पाठांतर वायाच गेलं. ज्या हक्कासाठी ते पाद्री जन्मभर भांडले, तो मला मागण्याआधीच मिळाला होता, कारण माझं मूल इथे कुणी आपलं धरलंच नव्हतं. मला राग यायला हवा होता. पण लाज वाटली, कारण शेजारी मुलगी बसली होती आणि तिचं जपानी माझ्याहून चांगलं होतं.

शाळेतून परत आणलेली भूकंपाची टोपी तिच्या मांडीवर होती. एरवी वर्गात खुर्चीच्या पाठीला अडकवलेली असायची, जमीन हलली की डोक्यावर ओढायची. माझ्या जुन्या सुती साडीत कापूस भरून मीच ती शिवली होती.

आम्ही स्टेशनवर आलो. फलाटावर ती टोपी छातीशी धरून, कित्येक महिन्यांनी, मराठीत म्हणाली, "आई, मी नाही गेले तरी त्यांना चालतं?"

तिने मराठीत बोलावं म्हणूनच मी हे सगळं केलं होतं.