हात्सूच्या नावाच्या पाच नोटा

हात्सू तोमोरी आमच्या मियाको बेटावर भाड्याच्या गाड्या धुते. वय सदुसष्ट. कंबर वाकली, पण जिभेची धार काही गेली नाही. उएची-सानच्या दुकानात सात गाड्या आहेत. धुणं-पुसणं, गिऱ्हाइकाला चावी देणं, परत आलेली गाडी तपासून घेणं, सगळं हीच बघते. पर्यटकांना ती भारी आवडते. बेटावरच्या जुन्या लोकांना तितकी नाही, आणि त्याला कारण तिनंच देऊन ठेवलंय.

पस्तीस वर्षांपूर्वी ती समोरच्या इराबू बेटावर कारिमातांची सून होती. एके सकाळी सहा वर्षांच्या यासुतोला धक्क्यावर उभं केलं, म्हणाली, "बाजारात जाऊन येते रे, संध्याकाळच्या बोटीनं." आणि रस्त्याच्या कामावरच्या एका मुकादमाचा हात धरून गेली की पळून! पोरगं शेवटची बोट येईपर्यंत बसून राहिलं. दुसऱ्या दिवशीही जाऊन बसलं. मुकादमानं चार वर्षांत हाकलून दिलं, तरी ही बया लाजेकाजेनं आणखी सात वर्षं फिरकली नाही. आली तेव्हा यासुतोनंच दार उघडलं, तिला बघितलं आणि दार लावून घेतलं. पुढच्या वर्षी तो ओसाकाला गेला. त्याला नावं ठेवायची आमची तरी हिंमत नाही.

यंदा सोळावीच्या आठवड्यात बुकिंगच्या यादीत तिला नाव दिसलं. कारिमाता यासुतो, दोन मोठी माणसं, एक मूल, मुलासाठी वेगळी सीट हवी. सोळावी म्हणजे आमचा पितरांचा दिवस. जुन्या पंचांगातल्या पहिल्या महिन्याच्या सोळाव्या दिवशी सगळं घरदार थडग्यापुढं चटया टाकून बसतं, पितरांना जेवू घालतं, वर त्यांना खर्चायला कागदी नोटा जाळतं. बाहेरगावी गेलेली लेकरं झाडून सगळी येतात आणि अख्ख्या बेटावर भाड्याची गाडी मिळत नाही.

"उएची-सान, ही गाडी मी देणार," हात्सू म्हणाली.

उएची-साननं नाव वाचलं. बेट ते केवढं, त्याला सगळं ठाऊक. "दे की. पण गिऱ्हाईक आहे ते. दुकानात रडारड नको."

"रडतंय कोण?"

"आणि ओठाला काय फासलंयस ते? पूस आधी. लग्नाला निघाल्यासारखी दिसतेस."

तिनं ओठ पुसले आणि गाडी तीनदा धुतली. मागणं एवढंच, की त्यानं एकदा 'आई' म्हणावं. शिवी घालून म्हटलं तरी चालेल.

यासुतो आला. बाप हुबेहूब! सोबत मिनाको म्हणून गोड बोलणारी बायको आणि कोहारू नावाची पाच वर्षांची चिमुरडी. त्यानं हात्सूकडे बघितलं, एकदा पापणी लवली आणि खाली बघून सही केली. हात्सूच्या कोटावर तोमोरी हे माहेरचं नाव. मिनाकोला कळणार तरी कसं?

गाडी देण्याआधी भोवती फिरून जुने ओरखडे कागदावर टिपून घ्यायचे असतात. गाडीच्या मागच्या बाजूला दोघंच होती.

"यासू," ती हळूच म्हणाली.

"इथं एक ओरखडा आहे," तो म्हणाला. "लिहून घ्या."

तिनं लिहून घेतलं. मग सगळ्यांना सांगते तेच त्यालाही सांगितलं, की पाऊस पडला तर आमचे रस्ते साबणासारखे होतात, हळू चालवा. इराबूत जन्मलेल्या पोराला ती रस्ते शिकवत होती आणि तो मान डोलावत ऐकत होता. भाड्याच्या गाडीच्या पाटीवर 'वा' अक्षर असतं. इथलं शेंबडं पोरही ते बघून ओळखतं, की आले पाहुणे. तसल्या गाडीतून, आता इराबूला झालेल्या पुलावरून, तो बापाच्या थडग्याला गेला.

सोळावी झाली. दुसऱ्या दिवशी अकराला गाडी परत आली. मिनाकोनं काउंटरवर एक डबा ठेवला.

"मावशी, घ्या ना. नैवेद्याचं उरलंय. तुमच्याकडे पितरांचं टाकत नाहीत म्हणे."

"नाही टाकत."

"आजी, हे माझ्या आजीचंय!" कोहारू मध्येच ओरडली. "मी तिच्यासाठी पाच नोटा जाळल्या. आजोबांना पण पाच."

मिनाकोनं आवाज खाली आणला. "ह्यांची आई हो. हे सहा वर्षांचे असताना बुडाली. बाजारातून संध्याकाळच्या बोटीनं परत येत होती बिचारी. देहसुद्धा सापडला नाही. हे फार सांगत नाहीत. मीच म्हटलं, इतक्या लांब आलोय तर त्यांचंही पान वाढूया."

हात्सूनं यासुतोकडे बघितलं. तो सरळ तिच्या डोळ्यांत बघत होता.

"खा की, मावशी," तो म्हणाला. "चव तरी बघा."

काय करील ती? खरं बोलायला तोंड होतं तिला? डुकराच्या मटणाचा एक तुकडा तिनं उचलला आणि सगळ्यांसमोर चावत राहिली.

"छान आहे?" कोहारूनं विचारलं.

"मीठ कमी झालंय गं," ती म्हणाली.

उएची-सान मिनाकोला आणि कोहारूला विमानतळाच्या व्हॅनकडे घेऊन गेला. गाडी तपासायला पुन्हा ही दोघंच उरली. मागच्या बाजूला येताच हात्सूनं कागद छातीशी धरला आणि लाज सोडून बोलली, "चुकलं रे माझं. मी काही मागत नाही. एकदाच आई म्हण."

"म्हटलं की काल," यासुतो म्हणाला. "थडग्यापुढं, हात जोडून, मोठ्यानं म्हटलं. पोरीनंही ऐकलं." मग त्यानं गाडीकडे बोट दाखवलं. "नवीन ओरखडा नाही ना?"

"नाही."

त्यानं सही केली आणि व्हॅनकडे गेला. खिडकीतून कोहारू हात हलवत होती, "आजी, येते!" म्हणून.

हात्सू गाडीचं मागचं दार उघडून आत बसली. खाली चटईवर जळलेल्या नोटांची राख सांडली होती, ती तिनं हातानंच गोळा केली. मग डबा मांडीवर घेतला. तांदळाचे चिकट मोची-गोळे, तळलेला टोफू, समुद्री शेवाळाच्या गाठी. पितरांचं टाकायचं नसतं, म्हणून तिनं सगळं खाल्लं.