जुना भाग आणा, नवा घ्या

सत्तेचाळीसच्या संक्रांतीनंतर दादानं मला बैलगाडीतून पूर्णा स्टेशनावर आणून सोडलं. माझ्या अंगात सदरा त्याचाच होता, आणि पायातल्या वहाणाही त्याच्याच. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. शाळेत माझ्यापेक्षा हुशार, पण शेताला एक माणूस लागतो म्हणून तो सातवीतून उठला आणि मी शिकत राहिलो. गाडी सुटताना तो खिडकीला धरून चालत आला नि म्हणाला, “माध्या, मोटारींच्या दुकानात निघालास खरा, पण बैल हाकायला विसरू नको. पेट्रोल संपलं की मलाच बोलावशील.” मी हसलो. आई घरीच राहिली होती, स्टेशनावर यायची तिची छाती झाली नाही. बाबांनी सांगायचं ते आदल्या दिवशी सांगून टाकलं होतं: “चाकरी नेमानं कर. मालकाचा नेम तोच आपला नेम.”

विश्वनाथ, हा दादा म्हणजे तुझे वडील. तू त्यांना पाहिलं नाहीस. गेल्या महिन्यात माझ्या नातवानं मोटार घ्यायचं काढलं. आमच्या वेळची ती अमेरिकन कंपनी इतक्या वर्षांनी देशात परत आली आहे, तिचीच गाडी घ्यायची म्हणतो. मला विचारत होता, “आजोबा, तुम्ही तो उनके पास काम केले ना? पार्ट्स बराबर मिलते क्या?” पोराला मराठी वाचता येत नाही, बोलतो ते असं. ‘मिळतात’ म्हणून मी त्याला वाटेला लावलं. खरं उत्तर तुला द्यायचं आहे, आणि तुझ्याकरवी वहिनींना.

संस्थानाच्या राजधानीत, काचीगुडा स्टेशनावर उतरलो तेव्हा उर्दू शाळेत शिकलेली, तेलुगू कानावरून जाई, आणि इंग्रजी दुकानांच्या पाट्यांपुरती. तेवढ्या भांडवलावर त्या कंपनीच्या एजन्सीत सुट्या भागांच्या काउंटरवर मला जागा मिळाली. स्टेशनामागच्या गल्लीत एक खोली घेतली. वर्कशॉपचे मुख्य मिस्त्री होते रहीममियाँ. सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. पांढरी दाढी, डोक्यावर मळकी टोपी, आणि इंजिनाला कान लावून दुखणं सांगायची सवय.

कंपनीचा इतिहास मी त्यांच्याकडूनच ऐकला, आणि मागच्या खोलीत पडलेल्या जुन्या कॅटलॉगांतून अक्षरं जुळवत वाचला. ती काढणारा म्हातारा म्हणे शेतकऱ्याचा मुलगा. नांगराचा कंटाळा, यंत्रांचं वेड. परसातल्या पडवीत त्यानं पहिली गाडी जुळवली. पुढे अशी युक्ती काढली की माणसं जागच्या जागी उभी आणि गाडीच त्यांच्या पुढून सरकत जाणार, एकानं नुसता नटच आवळायचा, दुसऱ्यानं चाकच बसवायचं. गाड्या भराभर निघू लागल्या, स्वस्त झाल्या. कंटाळून कामगार पळू लागले तेव्हा त्यानं मजुरी दुप्पट केली. एकच काळी गाडी जवळजवळ वीस वर्षं तो करत राहिला. लोकांना दुसरं काही हवंय हे त्याला पटेचना, आणि पटलं तोवर बाकीचे पुढे निघून गेले होते. मग उतारवयात आठ सिलिंडरांचं इंजिन काढून तो पुन्हा उभा राहिला. लढाई आली तशी कंपनीनं गाड्या थांबवून विमानं केली. म्हणून आमच्या शहरातल्या बहुतेक गाड्या लढाईच्या आधीच्या, सगळ्या खोकला लागलेल्या. त्या म्हाताऱ्याबद्दल वाईटसाईटही पुष्कळ वाचलं पुढे, ते खोटं नसावं. पण तेव्हा मला तो आपल्यातलाच वाटायचा. शेत सोडून आलेला. तो वारला मी आलो त्याच सालच्या उन्हाळ्यात, तेव्हा एजन्सीत त्याच्या फोटोला हार घातला आणि उस्तादांनी सगळ्यांना चहा पाजला.

उस्ताद म्हणायचे, “बुड्ढे ने सब एक माप का बनाया, माधव. इसका पंप उसको, उसका पंप इसको. आँख मीच के बिठा दे.” सगळी करामत त्यातच होती.

मग ऑगस्ट आला. देश स्वतंत्र झाला आणि आमचं संस्थान मधल्यामध्ये लोंबकळत राहिलं. हिंदुस्थानात जायचं की नाही यावर वर्ष गेलं. सरहद्दीवरून माल येईनासा झाला. पेट्रोल नाही, टायर नाहीत, भाग तर नाहीतच. जिल्ह्यातून बातम्या येत त्या ऐकून जेवण जाईना. खाकी घालून बंदुका घेतलेल्या टोळ्या गावोगाव फिरत होत्या. लोक रातोरात पैनगंगा ओलांडून हिंदुस्थानच्या हद्दीत, वऱ्हाडात उमरखेडकडे जात होते.

भाग चोरबाजारात जाऊ नयेत म्हणून मॅनेजरांनी काउंटरवर पाटी लावली: जुना भाग आणा, नवा घ्या. ती पाटी उर्दूत मीच रंगवली होती. फाटका, तुटका, झिजलेला भाग हातात आल्याशिवाय नवा द्यायचा नाही. मला तो नेम फार आवडला. मोठमोठे लोक माझ्यापुढे चिंध्यांत गुंडाळलेले तुकडे घेऊन उभे राहायचे आणि मी ते उलटेपालटे करून बघायचो. खोटं कशाला बोलू, मला शिंगं फुटली होती.

अठ्ठेचाळीसच्या वैशाखात एक ड्रायव्हर आला. धुळीनं पांढरा झालेला, डोळे तांबारलेले. “साहेब, लॉरी बसली. अर्धापूरच्या पुढं. पंपाचा पडदा गेला. लगनाचं वऱ्हाड हाय, बायामाणसं हायती, लेकरं हायती.” टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ओढणारा एक छोटा पंप असतो, त्यात हा पडदा. तळहाताएवढा. फाटला की अख्खी लॉरी दगड. आमच्याकडे एकच शिल्लक होता.

मी विचारलं, “जुना?”

“घाईत राहिला, साहेब. नांदेडकडं गाडी चालली व्हती, तशीच धरली.”

मी पाटीकडे बोट दाखवलं. वऱ्हाडाच्या गोष्टी मी महिनाभर ऐकत होतो. निम्मे भाग त्या वऱ्हाडांच्या नावावर चोरबाजारात गेले होते. तो हात जोडून उभा राहिला. मागे इतर माणसं होती, त्यामुळे वऱ्हाड नव्हे, जीव घेऊन पळालेली माणसं आहेत हे तो बोलू शकत नव्हता, हे मला आज कळतं. मी म्हणालो, “नेम सगळ्यांना सारखा. जुना आणा, दोन मिनिटांत देतो.” नोंदीसाठी नाव विचारलं. नारायण म्हणाला. पाणी प्यायला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी एका अधिकाऱ्याचा शोफर फाटका पडदा रुमालात घालून घेऊन आला. तो शेवटचा नवा पडदा मी नेमाप्रमाणे त्याला दिला.

तिसऱ्या दिवशी बाबांचं कार्ड आलं. टपाल फोडून वाचत म्हणून बेतानंच लिहिलेलं: ‘आम्ही सर्व उमरखेडास मामांकडे लग्नाला निघालो. नारायण नावाच्या एकाच्या लॉरीनं. सूनबाईंना पाचवा आहे, म्हणून बैलगाडी नको म्हटलं.’

मी नोंदवही उघडून ते नाव पुन्हा वाचलं. आई, बाबा, दादा, वहिनी, आणि वहिनींच्या पोटात तू. तुम्ही त्या उघड्या रस्त्यावर, त्या दिवसांत, माझ्या पाटीमुळे पडून होता.

उस्तादांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. सरळ शोरूममध्ये गेले. तिथं काचेमागे एक गाडी दाखवण्यापुरती उभी असायची, कुणा जहागीरदारासाठी राखलेली. त्यांनी बॉनेट उघडलं, पंप सोडवला आणि खिशात घातला. “नौकरी गई तो गई. चल.” मी म्हटलं, उस्ताद, मी एकटा जातो. “तेरेकू अकेला जाने देतैं क्या वो लोगां?”

सकाळच्या गाडीनं निघालो. डब्यात दोनदा तपासणी झाली. दुसऱ्या वेळी बंदुकीचं टोक माझ्या पिशवीत खुपसलं गेलं. उस्ताद शांतपणे म्हणाले, “मेरा शागिर्द है, बाबा. लॉरी खड़ी है रस्ते पो, बनाने जारैं.” आणि तेलकट हात पुढे केले. त्या हातांकडे बघून ते पुढे गेले. माझी पाचावर धारण बसली होती. नांदेडहून बैलगाडी, मग पायी.

लॉरी एका आमराईच्या कडेला होती. माणसं झाडांखाली बसलेली, कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. बाबा उठून पुढे आले. माझ्या मागे बघत म्हणाले, “दादा कुठाय?”

मला समजेना. मग हळूहळू कळलं. नारायण हात हलवत परतला, काउंटरवरचा माणूस जुना भाग मागतो म्हणाला. तेव्हा दादा हसला होता म्हणे. “अरे, तिथं माझा भाऊच असतो. मी जातो, उभ्या उभ्या घेऊन येतो.” आणि फाटका पडदा खिशात घालून दीड दिवसापूर्वी नांदेडच्या वाटेनं चालत निघाला होता.

“म्हणजे तुमची चुकामूक झाली,” आई म्हणाली. “तो तिकडं पोचला असेल.” सगळ्यांनी तेच धरलं. मीही.

उस्ताद लॉरीखाली शिरले. पंप बरोबर बसला, गाडीचा लॉरीला. नारायण हँडल मारायला आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. त्यानं मला ओळखलं. नेमके तेव्हाच बाबांनी विचारलं, “माधव, हा आला त्या दिवशी तू कुठं होतास रे? तू असतास तर दिला असतास.”

वहिनी लॉरीच्या चाकाला टेकून बसल्या होत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या.

मी म्हणालो, “मी त्या दिवशी नव्हतो. दुसरा होता.”

नारायणनं माझ्याकडे एकदा पाहिलं. एका शब्दानं तो मला उघडा पाडू शकला असता. तो बाबांकडे वळला आणि म्हणाला, “व्हय काका. दुसराच व्हता कुणीतरी.” मग त्यानं हँडल मारलं. पहिल्याच झटक्यात इंजिन चालू झालं.

बाबा म्हणाले, चल बरोबर. मी म्हटलं, दादा तिकडे वाट बघत बसला असेल, त्याला घेऊन येतो. लॉरी पैनगंगेकडे गेली. नदीला पाणी नव्हतं, तुम्ही सुखरूप उतरलात हे पुढे कळलं. मी आणि उस्ताद परत फिरलो. वाटेत ते एवढंच म्हणाले, “बाप कू सच बोल दे, बेटा. देर नक्को करू.”

दादा एजन्सीत आला नव्हता. खोलीवर आला नव्हता. नांदेडच्या रस्त्यावर त्याला पाहिलेला एक माणूस मिळाला नाही. काचीगुड्याला जिल्ह्याकडून येणारी प्रत्येक गाडी मी बघत असे, शेवटचा माणूस फाटकाबाहेर जाईपर्यंत. एजन्सीतली नोकरी अर्थातच गेली होती, आम्हा दोघांची. भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली, पाच दिवसांत सगळं संपलं, आणि भीतीनं घर बदललं. आता उस्तादांच्या गल्लीत दारं बंद होती. मी आठवडाभर त्यांच्या उंबऱ्यावर राखण करत बसून होतो. त्याचं मला कौतुक नको. जिथं बोलायला हवं होतं तिथं मी बोललो नाही, इथं नुसतं बसायचं होतं.

तुम्ही सगळे गावी परतलात. तुझ्या बारशाला मी आलो नाही, बाबांच्या दहाव्यालाही आलो नाही. पैसे पाठवत राहिलो, कापड पाठवत राहिलो. सगळ्यांना वाटलं, माधव शहराचा झाला. कंपनी पुढे गाशा गुंडाळून गेली, मी सरकारी बस डेपोत लागलो, लग्न झालं, मुलं झाली. काचीगुड्याची ती खोली मात्र मी बेचाळीस वर्षं सोडली नाही. बायको नल्लकुंट्याला चांगलं घर बघून आली होती, मुलं चिडायची. दादाला माझा तेवढा एकच पत्ता ठाऊक होता. हे मी कुणालाच सांगितलं नाही. ती खोली मला आवडत होती असं नाही. छपरातून गळायची, दिवसभर इंजिनांचा धूर यायचा. पण माझं घर म्हणजे तेच होतं, जिथं शोधत आला तर त्याला मी सापडलो असतो.

मुलानं मला कुकटपल्लीला आणलं त्याला आता सहा वर्षं झाली. इथं लिफ्ट आहे, पाणी चोवीस तास आहे, शेजारी तेलुगूत विचारपूस करतात, मी मराठीत उत्तर देतो, त्यांचं आणि माझं छान चाललंय. पण रात्रंदिवस मला एकच गोष्ट खाते आहे. वहिनी अजून कुंकू लावतात, हे तू मागच्या पत्रात सहज लिहिलंस. त्या दिवशी नवीन पडदा न देणारा तो कोण होता, हे त्यांनी कधी विचारलं नाही, म्हणालास. विचारतील कशाला? त्यांना उत्तर मिळालेलं होतं. मी दिलेलं होतं.

गाव मला दाखवता येतं, नकाशात बोट ठेवून. स्टेशन, ओढा, वाट, सगळं. पण गावात घर आहे असं पन्नास वर्षांत मला म्हणता आलं नाही, कारण तिथल्या एका बाईच्या समोर मी उभा राहू शकत नाही. घर म्हणजे मला आता एवढंच कळतं: जिथं आपलं खरं नाव सांगून आत जाता येतं.

म्हणून विश्वनाथ, हे पान वहिनींना मोठ्यानं वाचून दाखव. गाळू नकोस, सावरून घेऊ नकोस. त्यांना सांग, काउंटरवर त्या दिवशी दुसरा कुणी नव्हता. मी होतो.