चाळीस खोल्यांचं गरम पाणी

सदा गेल्याची बातमी त्याच्या मुलीनं फोनवर दिली. मी तेव्हा हातकणंगल्याजवळ एका मंगल कार्यालयाच्या बांधकामावर होतो. "काका, बाबा गेले... सकाळी," एवढंच संगीता बोलली आणि तिला पुढं बोलवेना. "येतो," म्हणालो, फोन ठेवला आणि गाडीत जाऊन बसलो. पुढचं वाक्य लिहायला मला सहा आठवडे लागले. गाडीत बसल्यावर मला सगळ्यात आधी सुटल्यासारखं वाटलं. आता ती गोष्ट त्याला सांगावी लागणार नाही, असं मनात आलं. रडू आलं ते त्यानंतर, कागलचा रस्ता धरल्यावर.

सदाशिव कांबळे आणि मी कागलच्या शाळेत एका बाकावर होतो. दहावीनंतर मी इंजिनिअरिंगला गेलो, तो आयटीआयला प्लंबिंग शिकला. पुढं मी कोल्हापुरात इमारतींच्या पाण्याची कामं घ्यायला लागलो. टाक्या कुठं, पाइप किती जाडीचे, गरम पाणी कसं फिरवायचं, ते मी कागदावर काढायचो आणि सदा ते भिंतीत बसवायचा. वीस वर्षं असं चाललं. लोकांसमोर तो मला 'साहेब' म्हणायचा. दोघंच असलो की 'सुऱ्या'. माझ्या नकाशातली चूक त्याला दिसली की तो आधी बिडी पेटवायचा, मग म्हणायचा, "सुऱ्या, ह्या पाइपला तू भिंतीतनं उडी मारायला लावलीस की!" मी चिडायचो आणि नकाशा बदलायचो.

अकरा वर्षांपूर्वी अंबाबाईच्या देवळाजवळ चाळीस खोल्यांच्या एका लॉजचं काम आम्हाला मिळालं. गच्चीवर पाणी तापवायची मोठी टाकी बसवायची होती. ती केवढी घ्यायची, एवढाच प्रश्न. दिवसभरात इतकी माणसं, माणशी इतकं पाणी, ते दिवसाच्या तासांवर पसरलं, असा हिशेब मी मांडला आणि हजार लिटरची टाकी पुरेल असं मालकांना लेखी दिलं. गच्चीवर जेवणाची टेबलं मांडायची त्यांची इच्छा होती, त्यामुळं लहान टाकी ऐकून ते खूश झाले. सदानं मात्र ऐकून बिडी पेटवली. नंतर कळलं, लागोपाठ तीन दिवस पहाटे तो कागलहून स्कूटरवर येऊन त्या गल्लीतल्या दुसऱ्या लॉजांत बसला होता. कोण किती वाजता अंघोळीला जातं, बादली एक लागते की दोन, केसांवरून न्हाणाऱ्या बायका किती, सगळं त्यानं विचारून घेतलं. विचारायला त्याला कसली लाज वाटायची नाही. "पावणं, गरम पाणी किती घेतलासा?" असं तो टॉवेल गुंडाळलेल्या माणसालाही विचारायचा.

चौथ्या दिवशी मालकांच्या खोलीत बैठक होती. सदा दाराशी उभा होता. बोलणं संपत आल्यावर तो म्हणाला, "साहेब, एक सांगू? हितं दिवसभर कोण अंघोळ करत न्हाय. काकड आरतीला जायचं असतंय, सगळी चार ते पाचमधीच करत्यात. टाकी दोन हजाराची पायजे. एकदा टाकीतलं संपलं की पुढचं तापायला दीड तास जातोय." मालकांनी माझ्याकडं पाहिलं. सदा बरोबर होता, हे मला त्याच क्षणी कळलं. पण माझं पत्र मालकांच्या टेबलावर पडलं होतं, खाली माझी सही होती. मी म्हणालो, "सदा, तू पाइप जोड. आकडे माझ्याकडं राहू देत." मालक हसले. सदाही थोडा हसला. "व्हय साहेब," म्हणाला आणि बाहेर गेला.

नवरात्राच्या पहिल्या माळेला लॉज भरलं. पहाटे साडेचारला दुसऱ्या मजल्यावर गार पाणी यायला लागलं. मला फोन आला, सदाला आला. मी पोचलो तेव्हा काउंटरपाशी बायका-माणसं ओल्या अंगानं उभी होती. गुलबर्ग्याकडच्या एक वयस्क बाई डोक्याला शिकेकाई तशीच ठेवून कानडीत बोलत होत्या. एक म्हातारे गृहस्थ थंडीनं कुडकुडत होते, त्यांचा मुलगा मालकांच्या अंगावर धावून जात होता. मालक माझ्याकडं वळले. "काय झालं हो हे, साहेब?" सदा तिथंच होता, माझ्यापासून चार हातांवर. मी म्हणालो, "फिटिंग बघायला लागेल."

एवढंच बोललो. त्याचं नाव घेतलं नाही, खोटा आरोप केला नाही, अशी माझी मी पुढं कितीदा समजूत घातली आहे... पण फिटिंग कुणाचं हे सगळ्यांना ठाऊक होतं. इंजिनिअर आणि कांबळे नावाचा फिटर समोर उभे असले की दोष कुणाला चिकटतो, हे मलाही ठाऊक होतं. सदानं माझ्याकडं एकदा पाहिलं, पान्हा उचलला आणि जिना चढून गेला.

चार दिवस तो धड असलेले जोड उघडत होता आणि पुन्हा बसवत होता. तिसऱ्या दिवशी जिन्याखाली त्यानं मला गाठलं. "सुऱ्या, आणिक एक टाकी घ्या म्हणून सांग त्यास्नी. माझं नाव घिऊ नकोस, तुला सुचलं म्हणून सांग." मी "बघतो" म्हणालो. पाचव्या दिवशी मालकांनी दुसरा फिटर आणला. त्या गल्लीत बोभाटा झाला, की कांबळेनं बसवलेलं पाणी तापत नाही. एकेका लॉजनं त्याला बोलवायचं बंद केलं. वर्षभरात त्याची कोल्हापुरातली कामं संपली आणि तो शिरोळकडं शेतातल्या पाइपलाइनी, मोटारी जोडायला जायला लागला. पन्नाशीतला माणूस चिखलात उभा राहून काम करत होता. भेट व्हायची, लग्नाकार्यात, बाजारात. तेव्हापासून तो दोघंच असलो तरी मला 'साहेब' म्हणायला लागला.

माझं मात्र चांगलं चाललं. एका वसतिगृहाचं, दोन दवाखान्यांचं, हायवेवरच्या एका हॉटेलचं गरम पाणी मी केलं. कुठंच कमी पडलं नाही. कारण प्रत्येक ठिकाणी मी आधी एकच विचारायचो, सगळ्यात जास्त माणसं एकाच तासात किती अंघोळ करतात? एकदा तरुण इंजिनिअरांसमोर बोलायला बोलावलं होतं. तिथं हे सांगितल्यावर टाळ्या पडल्या, एकानं विचारलं, "सर, ही पद्धत तुमची का?" मी म्हणालो, "अनुभवातनं आली."

गेल्या वर्षी त्याचं हृदयाचं दुखणं वाढलं. दिवाळीनंतर एकदा ठरवून कागलला गेलो. आज सांगायचंच, असं गाडीत मोठ्यानं बोलत गेलो. सदा कॉटवर बसला होता, फार वाळला होता. वहिनींनी चहा दिला. त्यानं माझ्या गुडघ्याची चौकशी केली, मी यंदाच्या उसाच्या दराचं विचारलं. एक वेळ अशी आली की खोलीत दोघंच होतो. मी भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडं बघत राहिलो. शेवटी उठलो, तर तो म्हणाला, "साहेब, काय बोलायचं हुतं काय?"

"न्हाय रे. असंच आलतो."

"बरं," तो म्हणाला. "सावकाश जावा."

सदासाठी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला बोलायला सांगितलं. सदा कामाला किती पक्का होता, किती प्रामाणिक होता, ते बोललो. वहिनी पदर डोळ्याला लावून ऐकत होत्या. टाकीचं तिथंही बोललो नाही. खाली बसल्यावर संगीतानं माझे हात धरले, आणि मला ते हात सोडवून घ्यावेसे वाटले.

त्यानंतरच्या आठवड्यात मी त्या लॉजवर गेलो. मालक आता थकलेत, पण काउंटरवर बसतात. मी त्यांना म्हणालो, "त्या नवरात्रात पाणी गार आलं ती चूक माझी होती. टाकी मी लहान दिली होती. कांबळेनं आधीच सांगितलं होतं." त्यांनी विचारलं, "कोण कांबळे?" मी आठवण करून दिली. "अहो, किती जुनं काढताय! पुढं दुसरी टाकी बसवली, मिटलं की. चहा घेणार?" मी नको म्हणालो आणि गच्चीवर जायची परवानगी मागितली.

लॉजमध्ये पाण्याचं बघणारे शिवाप्पा माझ्याबरोबर वर आले. दोन टाक्या शेजारीशेजारी उभ्या होत्या. मी आयुष्यात पहिल्यांदाच तिथले जोड वाकून पाहिले. त्या वेळी टाकी बसली का एवढं बघून मी खाली उतरलो होतो. दुसरी टाकी मूळच्या पाइपला जिथं जोडली होती, तिथं तिकाटणं, म्हणजे तीन तोंडांचा जोड होता, आणि त्यावर तांबड्या रंगाचा ठिपका. पाणी सोडून, गळत नाही याची खात्री झाली की सदा प्रत्येक जोडावर तसा ठिपका द्यायचा. "हे तोंड कुणी काढलं?" मी विचारलं.

"ते पयल्यापासनंच हाय की," शिवाप्पा म्हणाले. "गार पाण्याला एक, गरमाला एक. बूच मारून ठेवलंतं. नव्या फिटरनं नुसतं बूच काढलं आणि टाकी जोडली. तो बी म्हणाला, ज्यानं केलंय त्याला ठावं हुतं."

मी तिथूनच संगीताला फोन लावला आणि सगळं सांगितलं. बैठक, फिटिंग, जिन्याखालचं बोलणं, टाळ्या.  मग ती म्हणाली, "काका, बाबा शिरोळला चिखलात उभे राहायचे, तेव्हा आई त्यांनाच बोलायची. तुमच्याच हातनं चुकलं असणार, म्हणायची. बाबा काय बोलायचे नाहीत." पुढं म्हणाली, "आईला मी नाही सांगणार. तुम्ही येऊन सांगा. आणि परवा चार लोकांत बोललात ना, तसं हे पण चार लोकांत सांगा."

रविवारी वहिनींकडं जाऊन आलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आत निघून गेल्या. मी बाहेरच्या खोलीत बराच वेळ बसलो, त्या परत आल्या नाहीत. चार लोकांत सांगायचं राहिलं होतं, ते इथं लिहिलं.

त्या दिवशी गच्चीवरून उतरण्याआधी मी त्या ठिपक्याशेजारी पाइपावर तळहात ठेवला होता. खाली कुठल्यातरी खोलीत कुणी अंघोळीला गेलं असावं, पाइप हळूहळू तापत गेला. जोड कोरडा होता. चटका बसेपर्यंत मी हात तसाच ठेवला.