जगतापांची जास्वंद

जयसिंग जगतापांचा दोनच गोष्टींवर जीव होता: बायको मैनाबाई आणि दारातली जास्वंद. पहिलीबद्दल ते जन्मात तोंडाने बोलले नाहीत. दुसरीबद्दल मात्र इतकं बोलत, की सदाशिव पेठेतली ती गल्ली त्यांना पाहून रस्ता बदलायची.

कंपनीतून रिटायर झाल्यावर तळमजल्यावरच्या फ्लॅटपुढे त्यांनी ती लावली होती. बारा महिने हिरवीगार, आणि फूल लालभडक, दुहेरी पाकळ्यांचं. मैनाबाई फुलं खोबरेल तेलात उकळून केसांना लावायच्या, उरलेलं तेल नवऱ्याच्या टकलावर चोळायच्या. तिथे मात्र जास्वंदीनेही हात टेकले होते.

अडचण एकच. फुलं उमलायची भल्या सकाळी आणि जगताप उठायचे सातला. मधल्या वेळात फिरायला निघालेली मंडळी पिशव्या भरून जायची. आता दुसऱ्याच्या दारातली चप्पल उचलली तर चोरी. फूल उचललं तर पूजेची तयारी! समोरच्या बिल्डिंगमधल्या दीपाली साने तर फूल खुडतही नसत, चांगली वीतभर फांदी मोडून नेत. जगतापांचा जीव तुटायचा. त्यांनी स्वतः झाडाला कधी कात्री लावली नव्हती. पोटच्या पोराचे हात कोणी छाटतं का, म्हणायचे.

मैनाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा हा माणूस मनातून पार हादरला. कोणाला न सांगता गणपतीला नवस बोलला: ही धड चालू दे, येत्या अंगारकीला घरच्या झाडाचं फूल वाहीन. ऑपरेशन झालं, बाई काठी घेऊन चालू लागल्या. आता फूल जपायला हवं. जगतापांनी झाडाभोवती लोखंडी जाळी ठोकली, वरून नर्सरीत असतं तसलं हिरवं कापड ताणलं आणि कुलूप घातलं.

झाड माजलं. वाढत वाढत कापडाला टेकलं, पण फूल म्हणून येईना. जगतापांनी शेणखत घातलं, कांद्याच्या सालींचं पाणी घातलं, समजूत घातली, शेवटी शिव्या घातल्या. अंगारकीच्या आदल्या दिवशी झाडावर साधी कळीसुद्धा नव्हती.

नवसाचं ऐकून मैनाबाई म्हणाल्या, मंडईतून आणा, गणपती काय पावती मागतोय? जगतापांना ते पटेना. प्रश्न हिच्या गुडघ्याचा, तिथे देवाशी चलाखी नको. विचार करकरून त्यांनी तोड काढली. सानेबाईंनी इतकी वर्षं आपली फुलं नेली. हल्ली त्यांच्या कुंपणाआडही जास्वंद दिसायची. तिचं एक परत आणलं, तर ते घरचंच!

पहाटे माकडटोपी घालून हे साठी उलटलेले गृहस्थ समोरच्या कुंपणाशी पोचले. आत जास्वंद फुलांनी लगडली होती. लालभडक, दुहेरी. जगताप बघतच राहिले. हात पुढे करतात तोच मागून आवाज आला.

"जगताप, लाजू नका. तुमचंच आहे ते."

दीपालीताई पिशवी घेऊन उभ्या होत्या. मोडून आणलेल्या फांद्या फेकवेनात म्हणून त्यांनी त्या कुंडीत खोचल्या होत्या, आणि त्या जगल्या होत्या. जगतापांना संताप आला, पण आज पिशवी त्यांच्याही हातात होती. त्यांनी पडेल आवाजात विचारलं, की मग माझीच का रुसली?

"अहो, जास्वंदीला फूल येतं नव्या फुटीवर. मी मोडत होते तोवर तुमची फुलत होती. तुम्ही मला बंद केलंत, वर उन्हालाही."

बाईंनी फुलासकट वीतभर फांदी मोडून हातात दिली.

फूल वाहताना मैनाबाई काठी न घेता देव्हाऱ्यापर्यंत चालत आल्या. जगतापांचे डोळे भरून आले. खापर त्यांनी उदबत्तीवर फोडलं.

संध्याकाळी जाळी निघाली, कापडही निघालं. कात्री मात्र काही केल्या हातात धरवेना. दुसऱ्या दिवशी सातला उठून पाहतात तर उजवीकडचे शेंडे मोडलेले. जगतापांनी सवयीने दोन शिव्या हासडल्या, मग समोरच्या गॅलरीकडे बघून हाक मारली.

"दीपालीताई, डावी बाजू राहिली."