शेठच्या डब्यांवरची अक्षरं

दुसरीत असताना माझी खरी परीक्षा एका किराणा दुकानात झाली. परीक्षा घेणारा माझा बा होता, आणि त्याला स्वतःला एक अक्षर वाचता येत नव्हतं.

आमचा पाडा तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला. दिवाळी सरली की निम्मा पाडा वीटभट्टीवर निघायचा. आईबाप विटा थापायचे आणि माझ्यासारख्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळायच्या. पहिलीच्या वर्षी मीही तेच केलं. जूनमध्ये शाळेत परतले तेव्हा शिकलेलं सगळं डोक्यातून पुसलं गेलं होतं. वर्गातली मुलं हसली आणि मी इरेला पेटले.

घरी आम्ही वारली बोलायचो, त्यामुळे पुस्तकातले निम्मे शब्द मला परके होते. शाळेतल्या बाई एकेक वस्तू टेबलावर ठेवायच्या. आधी आम्ही तिचं घरचं नाव सांगायचो, मग त्या पुस्तकातलं नाव सांगून फळ्यावर लिहायच्या. अक्षरं आधी, वरची रेघ शेवटी. "भिंती उभ्या करा, मग छप्पर घाला," असं त्या म्हणायच्या. ती रेघ ओढायला मला फार आवडायचं.

दिवाळीच्या तोंडावर बाई आमच्या घरी आल्या. "भाऊ, हिला यंदा मावशीकडे ठेवा. वाचायला लागलीय ती," त्या बाला म्हणाल्या. माझा एक चुलतभाऊ चौथीपर्यंत फक्त खिचडीसाठी शाळेत गेला होता आणि वाचायला काही शिकला नव्हता, त्यामुळे बाचा असल्या बोलण्यावर भरवसा नव्हता.

"मी बघतो," तो म्हणाला. "वाचलं तर राहील. नाय तर भट्टीवर येल."

बाजाराच्या दिवशी बा मला तलासरीला घेऊन गेला. त्याने सगळा विचार करून ठेवला होता. दुकानाच्या पाट्या मला पाठ असतील, असा त्याला संशय होता. म्हणून तो एका शेठच्या दुकानात शिरला. तिथे फळीवर पत्र्याचे बंद डबे ओळीने मांडलेले आणि प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवलेली. आत काय आहे ते फक्त शेठला ठाऊक. बाची युक्ती एकदम पक्की होती, आजही मला तिचं कौतुक वाटतं.

"शेठ, ही वाचंल, तुमी झाकण उघडून दाखवा," बा म्हणाला आणि त्याने पहिल्या डब्याकडे बोट केलं.

मी बघत राहिले. एकही अक्षर ओळखीचं नव्हतं. माझे कान तापले. मला भट्टीचा धूर दिसायला लागला.

शेठ हसून म्हणाला, "अरे भाई, आ तो गुजराती छे. तिला शाळेत मराठी शिकवतात."

आमच्या भागात बोलायला गुजराती सगळ्यांनाच येते, बाला तर शेठइतकी येत होती. पण लिहिलेलं त्याच्या लेखी सगळं एकच. शेठ पोरीची बाजू सावरतोय असंच त्याला वाटलं. "अक्षर ते अक्षर," तो म्हणाला. "येत नाय तर नाय म्हणायचं." तो रागावला नव्हता. उलट त्याचा चेहराच पडला होता, आणि त्याचाच मला जास्त राग आला. जूनपासून घासलेली पाटी एका डब्यापुढे वाया जाणार म्हणजे काय?

मी दुकानातून हलले नाही. एकेक डबा डोळे फाडून बघत गेले. तिसऱ्या की चौथ्या डब्याशी थांबले. या अक्षरांना छप्परच नव्हतं, पण भिंती आपल्याच होत्या. मी बोटाने हवेत वरची रेघ ओढली.

"वटाणा," मी म्हणाले.

शेठने माझ्याकडे बघितलं, मग बाच्याकडे, आणि झाकण उघडलं. आत हिरवे वाळके वटाणे होते. बाने मूठभर हातात घेऊन बघितले, जणू खोटे असतील. मग त्याने मान वर करून विचारलं, "आनखी?"

मी फळीच्या टोकापर्यंत गेले. "धाणा." झाकण उघडलं आणि धण्यांचा वास दुकानभर पसरला. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मला तर बाजारभर नाचावंसं वाटत होतं.

"बाकीची नाही येत मला," मी बाला खरं ते सांगून टाकलं. "ती शेठच्या भाषेतली हायेत. आपली सगळी येतात." बाहेर येऊन मी दिसेल ती मराठी पाटी मोठ्याने वाचत सुटले. औषधाचं दुकान, बँक, पोलीस ठाणे. बा मागून चालत होता आणि ओळखीचा माणूस भेटला की मुद्दाम थांबत होता.

दिवाळीनंतर ट्रक आला. आई धाकट्याला घेऊन वर चढली. मी मावशीचा हात धरून उभी होते आणि रडत होते, कारण आई चालली होती. तरी आतून मी इतकी खूश होते की ते लपवायला तोंड मावशीच्या लुगड्यात घातलं. मुकादम डोकी मोजत बाला म्हणाला, "मोठी पोरगी कुठं हाय? बसव तिला लवकर."

"ती नाय येणार," बा ट्रकवरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "तिला शाळा हाय."