आडी अठराच्या तीन दिवस आधी

आमच्या अण्णाचींना कुणी विचारलं, तुमचा धंदा काय, की ते म्हणायचे, "हरवलेली भांडी घरी आणणं." आता यावर समोरच्याने काय बोलायचं! खरं म्हणजे ते स्टीलच्या भांड्यांवर नावं घालायचे. पुरसैवाक्कमच्या बाजारात चेट्टियार बिल्डिंगच्या जिन्याखाली चार फुटांची जागा. तिथे मांडी घालून बसलेले, पुढ्यात कुणाच्या तरी लग्नाची ताटं, हातात छिन्नी आणि इवलीशी हातोडी. शेजारणीकडे गेलेली वाटी नावामुळे परत येते, म्हणून ती हरवलेली भांडी.

नाव आंडियप्पन. तिरुनेलवेलीकडचे, म्हणून सगळा बाजार त्यांना अण्णाची, म्हणजे थोरला भाऊ, म्हणायचा. मला ते तंगच्ची म्हणत, धाकटी बहीण. माझं 'नायकी मॅचिंग सेंटर' त्या जिन्याला लागूनच होतं. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल. नवरा गेल्यावर मी गल्ल्यावर बसायला लागले, तर पहिल्याच आठवड्यात एका घाऊकवाल्याने कच्च्या रंगाचं अस्तर माझ्या गळ्यात मारलं. अण्णाची जिन्याखालून उठून आले. रुमाल ओला केला, कापडावर घासला आणि लालभडक झालेला रुमाल त्या माणसाच्या खांद्यावर टाकला. तो मेला गठ्ठा उचलून चालता झाला. ही तेवीस वर्षांपूर्वीची गोष्ट.

माणूस लाखातला, पण राहुकाळाचं वेड भारी. रोज तो दीड तास आला की हातोडी खाली. गिऱ्हाईक समोर तिष्ठत उभं असलं तरी हे चहा पीत बसायचे.

"अण्णाची, तुमच्या राहूला सुट्टी नसते का हो कधी?" मी विचारायची.

"नसते. सातही दिवस ड्यूटीवर. तुझ्यासारखा दुपारी पंख्याखाली घोरत नाही तो."

मुलीच्या भांड्यांवर लग्न लागायच्या आत नवऱ्याचं आद्याक्षर घालायला ते साफ नकार देत. "बापाचं घालतो. नवऱ्याचं नंतर घेऊन या. जागा सोडून ठेवतो." बायका चिडायच्या, भांडायच्या आणि लग्नानंतर मुकाट्याने पिशव्या भरून यायच्या. एकदा एक मुलगी वर्षभराने आली ती ताटं तशीच परत घेऊन. लग्न मोडलं होतं. अण्णाचींनी तिला काही विचारलं नाही, मोकळ्या जागेत एक लहानसं फूल कोरून दिलं. असा माणूस.

तर एका वर्षी थोरल्या चेट्टियारांच्या नातवंडांनी बिल्डिंग प्रमोटरला, म्हणजे बिल्डरला, विकली. आम्ही भाडेकरू नऊ. आठ दुकानं आणि एक जिन्याखालचे अण्णाची. प्रमोटरचा माणूस आला, भास्करन नावाचा. गोड बोलणारा, सारखा घड्याळ बघणारा. माझं दुकान त्यातल्या त्यात मोठं, म्हणून सगळे तिथे जमले. कुणी स्टुलावर, कुणी कापडाच्या गठ्ठ्यावर.

"चार मजली काचेची बिल्डिंग होणार," भास्करन म्हणाला. "एकतीस जुलैच्या आत जो सही करील त्याला खाली ग्राउंड फ्लोअरला दुकान. जिन्याखालचे अण्णाची असले तरी त्यांनाही. एकतीस उलटली की आमची जबाबदारी नाही."

सतरा जुलैला आमचा आडी महिना लागत होता. आडीत आमच्याकडे लग्न नाही, घरभरणी नाही, नवीन कसलीच सुरुवात नाही. तेवढा आडीचा सेल लावायचा आणि महिना ढकलायचा. त्यातला एकच दिवस चांगला, अठरावा. आडी अठराला काहीही सुरू करावं, ते वाढतं. आणि त्या वर्षी आडी अठरा येत होती तीन ऑगस्टला. म्हणजे यांच्या मुदतीनंतर बरोब्बर तीन दिवसांनी.

"तीन दिवस थांबा ना सार," अण्णाची म्हणाले. "आडी अठराला सगळे येऊन सह्या करतो. तुमचे साहेब तरी आडीत कुदळ मारतील का?"

"कुदळ वेगळी अण्णाची. सही म्हणजे नुसता कागद."

"मग नुसत्या कागदाची एवढी घाई कशाला?"

सगळे हसले. भास्करनही हसला, पण तारीख काही बदलली नाही.

तो गेल्यावर अण्णाचींनी शांतपणे सांगितलं, "आपण नऊ जण बसून आहोत तोवर त्याला एक वीट हलवता येत नाही. तीन दिवस थांबेल नाहीतर काय करील! तो आपल्याला घाबरवून बघतोय. पण एक सांगतो, तुमच्याकडे भाड्याच्या पावत्या आहेत. माझ्याकडे कागदाचा कपटा नाही, थोरल्या चेट्टियारांचा शब्द होता तेवढा. तुम्ही आठ जण आहात म्हणून मी आहे."

आणि तोंड कुणी वाजवलं? मी! "जो कुणी आडी अठराच्या आधी सही करील," मी सगळ्यांसमोर म्हणाले, "त्याच्या दुकानाची पायरी मी चढणार नाही." टाळ्यासुद्धा वाजल्या. आठवलं की अजून अंगावर काटा येतो, लाजेने.

पुढच्या सोमवारी भास्करन एकटाच आला. अस्तर बघितल्यासारखं केलं. मग खाली वाकून म्हणाला, "अक्का, तुम्ही बाईमाणूस म्हणून सांगतो. तुमच्यातल्या दोघांनी सह्या केल्या. पुढच्या बाजूची दुकानं संपत आली. नंतर मला दोष देऊ नका."

"कोण दोघं?"

"नावं कशी सांगू? तुमचं नाव तरी मी कुणाला सांगेन का?"

त्या दिवशी मी गल्ल्यावर नुसता हिशेब मांडत बसले. मुलगी कॉलेजात, घरात कमावणारं दुसरं कुणी नाही. समोरच्या भांडेवाल्याकडे बघितलं की वाटायचं, याने केली असणार. पलीकडचा चप्पलवाला नेहमीपेक्षा जास्त गोड बोलला की वाटायचं, अरे लबाडा, तूच! विचारायचं कुणाला? जिन्याखाली जाऊन अण्णाचींना विचारलं असतं तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. ते म्हणाले असते, चल, एकेकाला समोर बसवून विचारू. पण मला उलगडा नकोच होता. मला पुढच्या बाजूचं दुकान हवं होतं. हे आज कबूल करते.

मंगळवारी राहुकाळात, तीन ते साडेचार, मी दुर्गेपुढे लिंबाचे दिवे लावायला जात असे. कधी चुकवलं नव्हतं. त्या मंगळवारी पिशवीत लिंबं घेतली, तुपाची बाटली घेतली. अण्णाची चहा पीत बसले होते.

"माझ्या नावाचा एक लाव गं, तंगच्ची," ते म्हणाले.

"लावते," म्हटलं, आणि रिक्षा करून सरळ प्रमोटरच्या ऑफिसात गेले. साडेतीन वाजता सही केली. आडीत, मंगळवारी, भर राहुकाळात. भास्करन पेन परत घेता घेता म्हणाला, "शाब्बास अक्का, पहिला नंबर तुमचा."

"पहिला? तुम्ही तर दोघं म्हणाला होता!"

"होतील की दोघं, तुमचं बघून," असं म्हणून तो चक्क हसला.

त्याच वेळी कागद फाडायला हवा होता. फाडला नाही. पिशवीतली लिंबं तशीच घेऊन परत आले. पुढच्या चार दिवसांत त्याने एकेकाला बोलावलं. माझं नाव दाखवलं की नाही कुणास ठाऊक, पण भांडेवाला गेला, चप्पलवाला गेला, बाकीचेही गेले. कुणी कुणाला सांगितलं नाही. सगळे एकमेकांना विचारायचे, "थांबायचं ना?" आणि सगळे म्हणायचे, "थांबायचं म्हणजे थांबायचं!" नववा माणूस जिन्याखाली ताटावर नाव घालत बसला होता.

एकतीस तारखेला दुपारी ते माझ्या दुकानात आले, चहाचे दोन ग्लास घेऊन. फार खुशीत होते.

"आज मुदत संपतेय. बघ, कुणी हललं नाही. मला वाटलं होतं भांडेवाला कच खाईल. पण नाही. माणसं चांगली आहेत गं आपली."

ऑफिस सहापर्यंत उघडं होतं. चार वाजले होते. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, अण्णाची, उठा, सही करून या. ते रागावले असते, कदाचित थुंकलेही असते माझ्या नावाने. पण गेले असते. आडी असती, नसती, गेले असते. बायको होती, जबाबदारी होती, वेडे नव्हते ते. जिन्याखालच्या माणसालाही ग्राउंड फ्लोअरला जागा, हे भास्करन नऊ जणांसमोर बोलला होता.

मी म्हटलं, "चहात साखर कमी आहे."

"राहू दे, तुझ्या जिभेवर आहे तेवढी पुरे," ते म्हणाले आणि ग्लास घेऊन गेले.

तीन तारखेला, आडी अठराला, अण्णाची पांढरीशुभ्र वेष्टी नेसून आले. बरोबर बायको, शेन्बगम. हातात भास्करनने दिलेला करारनाम्याचा कागद, चारही कोपऱ्यांना हळद लावलेली. "चला," त्यांनी बाहेरूनच हाक मारली, "कुठे आहेत सगळे?" भांडेवाल्याला गिऱ्हाईक होतं. चप्पलवाल्याला ताप होता. मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे, मी शटर ओढून येते." शटर ओढलं, आणि आतच बसून राहिले.

तासाभराने दोघं परतले. ऑफिसात त्यांना नकाशा दाखवला होता. तिथे जिना आहे म्हणे, दुकान नाहीच. शिवाय मुदत संपलेली, आणि बाकी आठ सह्या झालेल्या. शेन्बगम जिन्याच्या पायरीवर बसून रडत होती. अण्णाची माझ्यापुढे आले. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"तूसुद्धा, तंगच्ची?"

"शेवटच्या दिवशी," मी म्हटलं. जीभ जराही अडखळली नाही माझी. "सहाला पाच मिनिटं असताना. सगळ्यांनी केली असं कळलं, मग काय करणार? तुम्हाला सांगायला वेळच मिळाला नाही."

त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी छिन्न्या कापडात गुंडाळून घेऊन गेले. काही दिवस एका मोठ्या भांड्यांच्या दुकानाबाहेर बसून बघितलं म्हणे. पण आत मशीन होतं, बटण दाबलं की दोन मिनिटांत नाव, तेही फुकट. मग शहराबाहेर आवडी नावाच्या गावी लेकीकडे गेले. जावयाच्या किराणा दुकानात डाळ-तांदूळ वजन करून देतात.

आणि माझं ग्राउंड फ्लोअर? मिळालं की! सहा नंबर, मागच्या बाजूला, जनरेटरच्या तोंडावर. पुढची दुकानं प्रमोटरच्याच लोकांत वाटली गेली. मी भास्करनला जाब विचारायला गेले तर कळलं, त्याने नोकरी सोडली. पुढच्या दाराने माणसं येतात ती सरकत्या जिन्याने थेट वर जातात. माझ्याकडे येतात ती बाथरूम कुठे आहे ते विचारायला. आमच्यातले तिघं विकून मोकळे झाले. मी बसून आहे, दुसरं येतं काय मला!

गेल्या तै महिन्यात, पोंगलनंतर, मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका द्यायला आवडीला गेले, ताटात फळं, विडा, हळदकुंकू घेऊन. मनाशी पक्कं केलं होतं, आज सगळं सांगून टाकायचं. जिन्याखालून उठून आलेल्या माणसाला लग्नाला बोलवायचं तर निदान खोटं तोंड घेऊन नको. अण्णाची दारातच भेटले. केस पार पिकलेले, हात थोडे थरथरणारे. शेन्बगमने मला हाताला धरून आत नेलं. "रोज तुझं नाव काढतात," ती म्हणाली.

पानं मांडली. मी तोंड उघडलं, "अण्णाची, मला एक सांगायचंय."

"थांब. आधी मला सांगू दे," ते म्हणाले. "चार वर्षं पोटात ठेवलंय. भांडेवाला इथे आला होता. तुझं दुकान मागे आहे, जनरेटरपाशी, म्हणाला. तेव्हापासून झोप नाही गं मला. बाकीच्यांनी लवकर जाऊन सह्या केल्या. तू एकटी माझ्या शब्दाखातर शेवटपर्यंत थांबलीस, म्हणून तुला उरलंसुरलं मिळालं. मी माझी आडी कवटाळून बसलो, आणि नुकसान तुझं झालं. मोठा भाऊ म्हणवतो, आणि केलं काय तुझ्यासाठी! मला माफ कर, तंगच्ची."

आणि त्यांनी माझ्यापुढे हात जोडले.

शेन्बगम डोळे पुसत म्हणाली, "एवढ्या बाजारात एक तरी माणूस खरं निघालं, असं म्हणतात हे. त्यावरच चाललंय त्यांचं."

"तुला काय सांगायचं होतं?" अण्णाचींनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "मुहूर्त सकाळचा आहे. लवकर या."

शेन्बगमने भात वाढला. मी जेवले.